वॉशमधून ब्युटेनॉल कमी वाफेत कसं काढायचं: पाण्याच्या हिशोबापासून शेवटच्या कॉलमपर्यंत

फर्मेंटेशनमधून फ्युएल बनवायचं म्हटलं की बॅक्टेरिया, एन्झाइम, कच्चा माल यावर सगळे तासन्तास बोलतात. पण टाकीत शेवटी जे तयार होतं, ज्याला वॉश म्हणतात, ते असतं ९८ टक्के पाणी आणि त्यात विरघळलेलं थोडंसं सॉल्व्हंट, आणि ते बाहेर काढायला किती वाफ लागते यावरच धंदा परवडतो की नाही ते ठरतं. इथे मी मुख्यतः एबीई म्हणजे अ‍ॅसिटोन-ब्युटेनॉल-इथेनॉल फर्मेंटेशन धरून लिहितोय, कारण रिकव्हरीची खरी डोकेदुखी त्यात आहे. इथेनॉलबद्दल शेवटाकडे थोडं येईल.

आधी थोडी पार्श्वभूमी. क्लॉस्ट्रिडियम असिटोब्युटिलिकम नावाचा बॅक्टेरिया साखर किंवा स्टार्च खाऊन ही तीन सॉल्व्हंट बनवतो, वजनाने साधारण ३:६:१ या प्रमाणात. खाइम वाइझमन यांनी ही प्रोसेस पहिल्या महायुद्धाच्या काळात मोठ्या स्केलवर नेली, तेव्हा गरज होती अ‍ॅसिटोनची, कॉर्डाइट नावाची स्फोटक दारू बनवायला, आणि ब्युटेनॉल नको असलेला पाहुणा होता. आज उलटं झालंय. ब्युटेनॉलचं कॅलरिफिक व्हॅल्यू किलोला ३३ मेगाज्यूलच्या आसपास आहे, इथेनॉलचं २७ च्या आसपास, शिवाय ब्युटेनॉल पाणी कमी ओढतं, त्यामुळे फ्युएल म्हणून ते जास्त सोयीचं. अडचण एवढीच की ब्युटेनॉल बनवणाऱ्या बॅक्टेरियालाच त्याचं विष चढतं. लिटरला १२-१३ ग्रॅमच्या पुढे गेलं की काम थांबतं, आणि तिन्ही सॉल्व्हंट मिळून २० ग्रॅमच्या आसपासच मिळतात.

पायरी १: कुठलंही मशीन बघायच्या आधी पाण्याचा हिशोब

समजा तुमच्या वॉशमध्ये लिटरला १० ग्रॅम ब्युटेनॉल आहे, म्हणजे १ टक्का. तर १ किलो ब्युटेनॉलसाठी तुम्हाला १०० किलो वॉश हाताळायचाय. तो ३५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत नुसता तापवायला १०० गुणिले ४.२ गुणिले ६५ म्हणजे २७ मेगाज्यूल लागतात. ब्युटेनॉलमध्ये एकूण एनर्जीच ३३ मेगाज्यूल! म्हणजे अजून उकळायला सुरुवातही नाही आणि ८० टक्के संपली.

आता हाच वॉश कॉलममध्ये, म्हणजे उकळून सॉल्व्हंट वेगळं करणाऱ्या टॉवरमध्ये, जायच्या आधी खालून निघणाऱ्या गरम स्पेंट वॉशबरोबर (सॉल्व्हंट काढून उरलेला वॉश) हीट एक्स्चेंजरमधून फिरवला आणि दोघांमधला फरक ८ अंशांवर आणला, तर बाहेरून द्यायची उष्णता उरते १०० गुणिले ४.२ गुणिले ८, म्हणजे ३.४ मेगाज्यूल. एका प्रीहीटरने २४ मेगाज्यूल वाचले. यापेक्षा स्वस्तातली बचत या अख्ख्या प्लांटमध्ये नाही, तरी लोक मेंब्रेनच्या कोटेशनमागे धावतात आणि एक्स्चेंजर मात्र छोटा घेतात. उलट करा. फक्त वॉशमध्ये पेशी, प्रोटीन, फायबर असतं आणि ते गरम पत्र्यावर चिकटून शिजतं, म्हणून अरुंद गाळ्याचा साधा प्लेट एक्स्चेंजर न घेता वाइड गॅप किंवा स्पायरल घ्या, गरम कॉस्टिकने धुवायची सोय ठेवा, आणि शक्य असेल तर एक स्टँडबाय, म्हणजे एक धुताना दुसरा चालू राहतो.

दुसरा हिशोब वाफेचा. ब्युटेनॉल ११७.७ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की आधी पाणी उडेल आणि ब्युटेनॉल खाली राहील. तसं होत नाही. पाण्यात अगदी थोडं ब्युटेनॉल असलं की पाणी त्याला जवळ ठेवायला तयारच नसतं, आणि ते पाण्यापेक्षा जोरात वाफेत पळतं. १ टक्का वॉश उकळला तर वाफेत अंदाजे २० टक्के ब्युटेनॉल येतं. म्हणजे एका किलोमागे ४ किलो पाण्याची वाफ करावी लागते, आणि किलोमागे २.२६ मेगाज्यूल धरले तर झाले ९ मेगाज्यूल. वॉशमध्ये अर्धाच टक्का असेल तर पाणी ७-८ किलोवर जातं, म्हणजे १७ मेगाज्यूल. २ टक्के असेल तर साधारण २ किलो, म्हणजे ५ मेगाज्यूलच्या खाली. हे आकडे ढोबळ आहेत आणि खरा कॉलम याच्यापेक्षा थोडी जास्तच वाफ खातो, पण दिशा यातून कळते. टायटर, म्हणजे लिटरमागे किती ब्युटेनॉल आहे ते, दुप्पट करणं हे बहुतेक वेळा टेक्नॉलॉजी बदलण्यापेक्षा जास्त फायद्याचं ठरतं.

म्हणून पहिल्या दिवशी एका कागदावर तीनच आकडे लिहा: एक किलो प्रॉडक्टमागे किती पाणी तापवायचं, किती पाणी उडवायचं, आणि त्यातली किती उष्णता परत मिळेल. पुढचं प्रत्येक मशीन या तीन आकड्यांवर तपासायचं.

पायरी २: फर्मेंटेशन चालू असतानाच काढायचं की संपल्यावर

संपल्यावर काढणं सोपं आहे. टाकी रिकामी करा, कॉलममध्ये टाका, झालं. पण मग १२-१३ ग्रॅमवर अडकता आणि टाकीही निम्मा वेळ नुसती अडून बसते. चालू असतानाच काढत राहिलं, ज्याला इन-सिटू रिकव्हरी म्हणतात, तर बॅक्टेरियाला विष चढत नाही, तुम्ही घट्ट साखरेचं फीड देत राहू शकता, आणि त्यामुळे एकूण पाणीच कमी हाताळावं लागतं. एनर्जीचा खरा फायदा मला तरी या शेवटच्या गोष्टीत दिसतो.

मात्र यात एक ओढाताण आहे ती लक्षात ठेवा. बॅक्टेरियाला वाटतं ब्युटेनॉल जितकं कमी तितकं बरं, आणि वाफेच्या बिलाला वाटतं जितकं जास्त तितकं बरं. लिटरला ३-४ ग्रॅमवरच खेचायला सुरुवात केली तर पेशी खूश राहतील पण तुम्ही नुसतं पाणी उडवत बसाल. साधारण ८ ग्रॅमपर्यंत चढू द्या, मग रिकव्हरी चालू करा आणि ८ ते १० च्या पट्ट्यात धरून ठेवा, तुमचा स्ट्रेन, म्हणजे बॅक्टेरियाचं वाण, जितकं सहन करतो तितकं वर. किती वेगाने काढायचं हे पेशी किती वेगाने बनवतात त्यावर ठरवा. लिटरला तासाला ०.३ ते ०.५ ग्रॅम बनत असेल आणि टाकी १००० लिटरची असेल तर तासाला ३०० ते ५०० ग्रॅम काढणारं युनिट पुरे, त्याच्या तिप्पट साइझचं घेतलंत तर ते सतत पातळ वॉशवर चालेल.

आणि घट्ट फीड कितीही दिलं तरी मीठ आणि न वापरलेली पोषकद्रव्यं टाकीत साचत जातात, म्हणून थोडा वॉश (याला ब्लीड म्हणतात) सतत बाहेर काढावाच लागतो, तो थेट कॉलमकडे पाठवा.

पायरी ३: टेक्निक निवडणं

२००५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात किलो ब्युटेनॉलमागे लागणारी एनर्जी अशी निघाली होती: स्टीम स्ट्रिपिंग डिस्टिलेशन ५७८९ किलोकॅलरी, गॅस स्ट्रिपिंग ५२२०, परव्हेपरेशन ३२९५, आणि सिलिकालाइटवर अ‍ॅडसॉर्प्शन १९४८. मेगाज्यूलमध्ये सांगायचं तर २४, २२, १४ आणि ८. हे आकडे सगळीकडे फिरतात, पण त्यात हीट रिकव्हरी किती धरली आणि वॉश किती पातळ धरला यावर क्रम सहज बदलतो. पहिल्या पायरीतला प्रीहीटर चांगला लावलेलं डिस्टिलेशन २४ वर राहत नाही, बरंच खाली येतं. तेव्हा प्रत्येक टेक्निक आतून बघू.

गॅस स्ट्रिपिंग सगळ्यात साधं. फर्मेंटेशनमध्येच तयार होणारा कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन ब्लोअरने टाकीच्या तळाशी सोडायचा, तो वर येताना सॉल्व्हंट उचलतो, पुढे थंड कंडेन्सरमध्ये ते टिपकतं, आणि गॅस परत तळाशी. मेंब्रेन नाही, पेशींना त्रास नाही, काही चोकअप नाही. म्हणून लोकांना वाटतं की उकळत तर काही नाही, मग एनर्जी कसली? इथेच गंमत आहे. ३७ अंशांवर गॅस पाण्याची वाफही उचलतो, आणि १० ग्रॅमच्या वॉशमधून निघणाऱ्या वाफेत पाणी-ब्युटेनॉल प्रमाण ५ ला १ च्या आसपास असतं. ते ५ किलो पाणी उडायला लागणारे १२ मेगाज्यूल कोणाकडून येतात? टाकीकडून. टाकी थंड पडते, तुम्ही जॅकेटमधून गरम पाणी देता, आणि तीच उष्णता कंडेन्सरवर चिलर परत बाहेर फेकतो. दोन्हीकडून बिल. वर गॅस किती फिरवायचा तेही बघा, अगदी पूर्ण सॅच्युरेट होतो असं धरलं तरी एका घनमीटरमध्ये ८ ग्रॅमच ब्युटेनॉल बसतं, म्हणजे किलोमागे १२० घनमीटर गॅस, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त.

तरीही पायलटसाठी मी हेच सुचवेन, कारण बिघडण्यासारखं यात फार कमी आहे. काही गोष्टी सांभाळा. बुडबुडे फार बारीक करायच्या नादी लागू नका. अर्ध्या मिलिमीटरपासून ५ मिलिमीटरपर्यंत साइझने स्ट्रिपिंगच्या वेगात विशेष फरक पडत नाही, पण अर्ध्याच्या खाली गेलात की फेस इतका येतो की तो कंडेन्सरच्या लाइनमध्ये चढतो. अँटिफोम लागतंच, पण ओतत राहिलात तर तेच पेशींना जड जातं. दुसरं, कंडेन्सर २ ते ५ अंशांवर ठेवला तरी अ‍ॅसिटोन पूर्ण सापडत नाही, त्याचा व्हेपर प्रेशर एवढ्या थंडीतही भरपूर असतो. जो जास्तीचा गॅस सिस्टिमबाहेर सोडता त्याच्यावर पाण्याचा छोटा स्क्रबर लावा, नाहीतर मास बॅलन्समध्ये अ‍ॅसिटोन गायब होतं आणि आठवडाभर शोधत बसावं लागतं.

परव्हेपरेशनमध्ये वॉश पीडीएमएसच्या, म्हणजे सिलिकॉन रबरच्या, मेंब्रेनवरून फिरतो, पलीकडे व्हॅक्यूम, आणि ब्युटेनॉल मेंब्रेनमधून पलीकडे जाऊन वाफ होतं. इथे विक्रेता सेपरेशन फॅक्टर, म्हणजे पलीकडे ब्युटेनॉल-पाण्याचं प्रमाण वॉशमधल्या प्रमाणाच्या किती पट झालं तो आकडा, सांगेल, २०, ३०, ४० वगैरे. आता हा आकडा कशाशी ताडायचा? शून्याशी नाही. ३७ अंशांवर मेंब्रेनशिवाय साधं बाष्पीभवन केलं तरी ब्युटेनॉल-पाण्याचा सेपरेशन फॅक्टर २० च्या आसपास असतोच. म्हणजे २० वालं मेंब्रेन हे काहीच नाही, तुम्ही फुकट मिळणाऱ्या गोष्टीचे पैसे दिले. ३० वाल्याने १ टक्का वॉशमधून परमिएट, म्हणजे मेंब्रेनपलीकडे गोळा झालेलं द्रव, २३ टक्क्यांवर येतं, हे बरं. ४० च्या वर गेलं तरच व्हॅक्यूम पंप, चिलर आणि दर काही महिन्यांनी मेंब्रेन बदलायचा खर्च निघण्याची शक्यता. आणि तो फॅक्टर शुद्ध ब्युटेनॉल-पाण्यावर मोजलाय की खऱ्या वॉशवर, हे लेखी विचारा. खऱ्या वॉशमध्ये पेशी आणि प्रोटीन मेंब्रेनवर थर धरतात, म्हणून आधी मायक्रोफिल्ट्रेशन लागतं, त्याच्या पंपाची वीजही हिशोबात.

अ‍ॅडसॉर्प्शनमध्ये पाणी उडवायचंच नाही ही कल्पना आहे. सिलिकालाइटसारखं पाण्याला दूर ठेवणारं झिओलाइट, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन किंवा पॉलिमर रेझिनचा बेड, त्याच्यातून वॉश सोडायचा, ब्युटेनॉल चिकटतं, मग बेड तापवून ते सोडवायचं. सिलिकालाइट वापरून लिटरला ५ ग्रॅमवरून ७९० ते ८१० ग्रॅमपर्यंत नेल्याचं त्याच २००५ च्या अभ्यासात आहे, वाचायला फार छान वाटतं. पण बेडमधल्या दाण्यांच्या मधे जे पाणी अडकतं ते तापवायच्या आधी नीट निथळलं नाही, तर तुम्ही पुन्हा पाणीच उकळता आणि सगळा फायदा गेला. म्हणून क्रम असा ठेवा: वॉश गाळून घ्या, बेड भरा, वॉश बंद करा, तळातून निचरा होऊ द्या, कोरड्या कार्बन डायऑक्साइडने हलकी फुंकर मारा, मग टप्प्याटप्प्याने तापवा. हलकं अ‍ॅसिटोन आणि इथेनॉल आधी सुटतात, ब्युटेनॉल नंतर, तेव्हा दोन वेगळ्या रिसीव्हरमध्ये घेतलं तर पुढच्या कॉलमचं काम अर्धं इथेच होतं. कार्बन स्वस्त आहे, पण त्यातून ब्युटेनॉल पूर्ण सुटत नाही आणि प्रत्येक सायकलला कपॅसिटी उतरते.

लिक्विड-लिक्विड एक्स्ट्रॅक्शनसाठी ओलेइल अल्कोहोल हे नेहमीचं नाव. पेशींना विषारी नाही, पाण्यात विरघळत नाही, आणि ब्युटेनॉल पाण्याच्या तीन-चार पट जास्त स्वतःकडे ओढतं. ढोबळ नियम असा की सॉल्व्हंटचा लॉग-पी (ते पाण्यापेक्षा तेलकट द्रवात किती जास्त विरघळतं त्याचं माप) ४ च्या वर असेल तर पेशी टिकतात. जे सॉल्व्हंट ब्युटेनॉल जास्त ओढतात ते बहुतेक पेशींनाही मारतात, म्हणून टू-इथाइल हेक्झेनॉलसारखं जोरदार सॉल्व्हंट थेट टाकीत टाकता येत नाही, वॉश बाहेर काढून पेशी वेगळ्या करून मगच वापरायचं. सगळ्यात मोठा त्रास इमल्शनचा, पेशींचे तुकडे मधल्या थरात साबणासारखे अडकतात आणि तो थर वेगळा व्हायचं नाव घेत नाही. एक वेगळी युक्ती आहे ती मला आवडते: बायोडिझेललाच एक्स्ट्रॅक्टंट करायचं. ओढायची ताकद कमी, पण ब्युटेनॉल त्यातून परत काढायचंच नाही, तसंच डिझेल इंजिनच्या ब्लेंडमध्ये पाठवायचं. रिकव्हरीची एनर्जी जवळजवळ शून्य, अर्थात तुम्हाला ब्लेंडच विकायचा असेल तर.

पायरी ४: डिकॅन्टर, ज्याच्यात निसर्ग फुकट काम करतो

ब्युटेनॉल आणि पाण्याचा अ‍ॅझिओट्रोप ९३ अंशांच्या आसपास बनतो, म्हणजे असं मिश्रण की उकळताना त्याच्या वाफेत आणि द्रवात प्रमाण सारखंच राहतं, त्यात ब्युटेनॉल साधारण ५५ ते ५८ टक्के. साध्या कॉलमने याच्या पुढे जाता येत नाही. पण ही वाफ थंड करून डिकॅन्टरमध्ये, म्हणजे थर वेगळे करायच्या टाकीत, सोडली की द्रव आपोआप दोन थरांत फुटतो: वर ८० टक्के ब्युटेनॉलचा थर, खाली ७-८ टक्क्यांचा पाण्याचा. एक पैशाची एनर्जी न देता ५७ वरून ८० वर उडी.

म्हणून रचना दोन कॉलमची. वरचा थर ब्युटेनॉल कॉलमला, त्याच्या तळातून शुद्ध ब्युटेनॉल आणि माथ्यावरून अ‍ॅझिओट्रोप परत डिकॅन्टरला. खालचा थर पाण्याच्या कॉलमला, तळातून जवळजवळ स्वच्छ पाणी आणि माथ्यावरून पुन्हा तोच अ‍ॅझिओट्रोप. यावरून हेही कळतं की स्ट्रिपिंग किंवा मेंब्रेनला कुठपर्यंत ताणायचं: कंडेन्सेट ८ टक्क्यांच्या वर चांगलं गेलं की ते स्वतःच फुटायला लागतं, उरलेलं काम डिकॅन्टरला द्या.

पण हे मेजरिंग सिलिंडरमध्ये आधी करून बघा. शुद्ध ब्युटेनॉल-पाणी हलवून ठेवलं तर थोड्याच वेळात मधे काचेसारखी स्वच्छ रेघ दिसते. त्यात थोडं थोडं अ‍ॅसिटोन टाकत जा, रेघ अंधूक होते, वेगळं व्हायला वेळ लागतो, आणि एका टप्प्यानंतर रेघच नाहीशी होऊन सगळं एकजीव होतं. अ‍ॅसिटोन आणि इथेनॉल दोघांशीही मैत्री करतात ना. प्लांटमध्ये डिकॅन्टरमध्ये थर फुटत नाहीत अशी तक्रार आली की बहुतेक वेळा डिकॅन्टरचा काही दोष नसतो, त्याच्या आधीच्या अ‍ॅसिटोन कॉलमने काम नीट केलेलं नसतं. म्हणून अ‍ॅसिटोन, जे ५६ अंशांना उकळतं, आणि इथेनॉल हे दोन्ही डिकॅन्टरच्या आधी काढा.

पायरी ५: एकच उष्णता दोनदा वापरणं

प्रीहीटर झाला, आता कॉलम. वॉश कॉलम हलक्या व्हॅक्यूमवर चालवला तर तो कमी तापमानाला उकळतो, चिकटून शिजणं कमी होतं, आणि मुख्य म्हणजे जास्त प्रेशरवर चालणाऱ्या दुसऱ्या कॉलमच्या माथ्यावरची वाफ याच्या रीबॉयलरला (तळाच्या हीटरला) तापवायला पुरते. जी उष्णता एरवी कूलिंग टॉवरला दिली असती ती दुसऱ्यांदा वापरली. मधे ८-१० अंशांचा फरक मिळाला पाहिजे, तेवढं प्रेशर सेट करा. दुसरा मार्ग मेकॅनिकल व्हेपर कॉम्प्रेशन, माथ्यावरची वाफ कॉम्प्रेसरने दाबून गरम करायची आणि त्याच कॉलमच्या तळाला द्यायची.

इथे एक फसगत होते. वाफेचा मेगाज्यूल आणि विजेचा मेगाज्यूल एकाच रकान्यात लिहू नका. १ युनिट वीज म्हणजे ३.६ मेगाज्यूल, पण ती कोळशावर बनली असेल तर मागे जळणाचे अडीच ते तीन पट मेगाज्यूल गेलेले असतात. चिलर, व्हॅक्यूम पंप, ब्लोअर, कॉम्प्रेसर सगळे विजेवर. ८ मेगाज्यूलची प्रोसेस निम्मी विजेवर असेल तर ती १२ मेगाज्यूल वाफेच्या प्रोसेसपेक्षा चांगली असेलच असं नाही.

इथेनॉलवाल्यांसाठी थोडक्यात: तुमच्या अ‍ॅझिओट्रोपला थर फुटत नाहीत, ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते, आणि पुढे ३ए मॉलिक्युलर सीव्ह लागतं ज्याच्या छिद्रात पाणी शिरतं आणि इथेनॉल नाही. कॉलमला ९५ पर्यंत ढकलू नका, शेवटच्या दोन-तीन टक्क्यांना रिफ्लक्स, म्हणजे माथ्यावरून कॉलममध्ये परत सोडायचं द्रव, खूप लागतो, ९२-९३ ला थांबून उरलेलं सीव्हला द्या. प्रीहीटर आणि प्रेशरच्या उतरंडीची बाकी सगळी गोष्ट तीच.

पायरी ६: चालू करताना

सेफ्टी आधी. क्लॉस्ट्रिडियमच्या गॅसमध्ये हायड्रोजन असतो, तो हवेत ४ टक्क्यांपासून पेट घेतो, आणि व्हॅक्यूम लाइनला कुठे लीक असेल तर हवा आत येते, बाहेर काही दिसत नाही. हवा आली की एकीकडे पेशी मरतात कारण त्यांना ऑक्सिजन चालत नाही, दुसरीकडे स्फोटाचं मिश्रण तयार होतं. म्हणून ऑक्सिजन मीटर आणि फ्लेमप्रूफ मोटर याला पर्याय नाही, आणि सुरू करायच्या आधी नायट्रोजन सोडून आतली हवा बाहेर काढा. अ‍ॅसिटोनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) शून्याच्या खूप खाली आहे, ब्युटेनॉलचा ३५ अंशांच्या आसपास, म्हणजे टाकीच्या तापमानालाच.

मग लगेच खरा वॉश घालू नका. पहिला रन नुसत्या पाण्यावर, लीक आणि रिकामी हीट लॉस समजते. दुसरा रन १ टक्का ब्युटेनॉल घातलेल्या साध्या पाण्यावर, याचा किलोमागे वाफेचा आकडा लिहून ठेवा. तिसरा पेशी काढलेल्या वॉशवर, चौथा पूर्ण वॉशवर. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक पडला तर दोष अ‍ॅसिटोन, अ‍ॅसिड किंवा विरघळलेल्या प्रोटीनचा, तिसऱ्या आणि चौथ्यात पडला तर पेशींच्या थराचा, आणि कुठे फिल्टर लावायचा, कुठे कॉलम बदलायचा ते यावरून ठरवा. प्रत्येक रनमध्ये टाकी, कंडेन्सेट, स्पेंट वॉश आणि व्हेंट या चारही ठिकाणचे सॅम्पल जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) चढवा. स्पेंट वॉशमध्ये ब्युटेनॉल दिसायला लागलं तर वाफ वाढवायच्या आधी प्रीहीटरच्या आत-बाहेरचं तापमान बघा, कारण एक्स्चेंजर घाण झाला की फीड थंड जातं, आणि कॉलमचे खालचे ट्रे सॉल्व्हंट काढायचं सोडून वॉश तापवत बसतात.